येळवंडे सर आणि माळावरचे विद्यापीठ

येळवंडे सरांचे एक भाषण मला अजून तोंडपाठ आहे. ते मी कॉलेजात कधी ऐकले नाही. चाकणच्या आसपासच्या गावांत, देवळांच्या सभामंडपांत ऐकले. बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या लहान कॉलेजांतले प्राध्यापक विद्यार्थी मिळवण्यासाठी दारोदार फिरतात. शहरातल्या परिचितांना हे सांगितले की त्यांना ती अतिशयोक्ती वाटते. पण विद्यार्थी नसले तर तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की तिथला प्राध्यापक ‘अतिरिक्त’ ठरतो. त्या शब्दाची धास्ती आम्हा सर्वांना होती. विज्ञान शाखेचा दौरा सरांकडे असे. मुलींच्या घरी बोलायला एखादी बाई बरोबर असावी म्हणून अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मला नेत. सतरंजीच्या कडेला बसून योग्य जागी मान डोलावणे एवढेच माझे काम होते, आणि ते माझ्या स्वभावाला मानवणारे होते.

सर उठून उभे राहत. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उजव्या तर्जनीवर सिल्व्हर नायट्रेटचा कधीच न जाणारा काळसर डाग. ते खिशातून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला एक कागद काढत, समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडे त्याच्या चंचीतला चुना मागत आणि बोटाने त्या कागदावर ओढत. पिवळा कागद लाल होई.

“झालं रसायनशास्त्र,” सर म्हणत. “ह्याला काचंची बिल्डिंग लागली का?”

लोक हसत. मग सर मुद्द्यावर येत. “माळावर युनिव्हर्सिटी झालीय. चांगली हाय, मी वाईट म्हननार न्हाई. बस दारात येती. पर तुमचं पोरगं तिथं चार दिवस न्हाई गेलं, तर हुडकत कोन येनार? आमच्यात पोरगं दोन दिस दिसलं न्हाई की मी सवता घरी येतो. ज्याच्या घरी मी आलो न्हाई, त्यानं हात वर करावा.”

कोणी हात वर करीत नसे, कारण ते खरोखरच घरी जात. गैरहजर मुलाच्या अंगणात स्कूटर उभी करून “काय रं, आजारी हायस का आळशी?” असे विचारत. मुलगा शिफ्टवरून येऊन झोपला असेल तर त्याला उठवीत नसत. त्याच्या आईला “उठला की म्हनावं सर येऊन गेले” एवढेच सांगत. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नक्की हजर असे.

आमच्या कॉलेजच्या आणि त्या विद्यापीठाच्या मध्ये जेमतेम एक ओढा होता. खाजगी विद्यापीठ. पूर्वी तिथे खडकाळ माळ होता आणि गावातल्या काही कुटुंबांच्या जमिनी होत्या. त्यांत येळवंड्यांचीही होती. जमीन देताना एक अट लिहून घेतली गेली होती. जमीन देणाऱ्या प्रत्येक कुटुंबातले एक मूल तिथे विनाशुल्क शिकेल. एक कुटुंब, एक जागा, एकदाच. गावात तिला ‘भूमिपुत्राची जागा’ म्हणत. सरांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. घरात मुले होती ती धाकट्या भावाची, ज्ञानोबांची: मोठी ऋतुजा आणि तिच्याहून वर्षाने लहान प्रतीक. कागदावर सही सरांचीही होती. त्याबद्दल ते फारसे बोलत नसत. एकदाच म्हणाले, “प्रॅक्टिकल सोडून गेलो होतो, हाताला ॲसिडचा वास येत होता. तो रजिस्ट्रारचा माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता, एवढंच ध्यानात आहे.”

वर्गात सर प्रमाण भाषेत बोलत, गावात गावच्या भाषेत. या दोन्हींची सरमिसळ ते सहसा होऊ देत नसत. स्टाफरूममध्ये मात्र कोणती भाषा निघेल याचा नेम नसे. त्यावरून त्यांची मनःस्थिती ओळखायला आम्ही शिकलो होतो.

त्यांची प्रयोगशाळा दुपारनंतर खरी जागी होई. पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांत काम करून शिकणारी मुले तशीच येत, गणवेशात, पायांत जड सेफ्टी शूज. कित्येकांच्या डोळ्यांत झोप असे. सर त्यांना आधी बाकावर डोके टेकू देत. “आधी झोप, मग ब्युरेट. झोपेत हात हलला तर माझं सोल्युशन वाया जातं,” असे दरडावून सांगत, आणि मग त्या वीसएक झोपलेल्या मुलांमधून चपला न वाजवता फिरत. ते दृश्य मी खिडकीतून अनेकदा पाहिले आहे. लहान कॉलेज म्हणजे काय, हे कोणी मला विचारले असते तर मी ती खिडकी दाखवली असती.

पण त्याच माणसाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ती लिहिली नाही तर हे चित्र खोटे ठरेल.

कोणी विद्यार्थी आमचे कॉलेज सोडून विद्यापीठात जाऊ लागला की सरांना ती फितुरी वाटे. असाच एक मुलगा दाखला न्यायला आला होता. रसायनशास्त्र विभागाची ‘देणे नाही’ची सही बाकी होती. सरांनी सही केली नाही. त्याला ॲप्रन दिला आणि टायट्रेशनला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून नेमका फिकट रंग आणायला, उभे केले.

“सर, माझी बस आहे.”

“बस दारात येते म्हणे. दारात थांबेल. एंड पॉइंट काढ.”

मुलाने घाईत रंग गडद गुलाबी केला. सरांनी फ्लास्क बेसिनमध्ये ओतला. “परत.” दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा मुलाने घड्याळाकडे पाहिले आणि बाकीची मुले हसली. फिकट गुलाबी रंग आला तेव्हा सरांनी सही केली आणि कागद परत देताना म्हणाले, “तिकडे विचारलं कोणी शिकवलं, तर नाव सांगू नकोस. इथं तू पाहुणा होतास. पाहुण्याने घराचं नाव सांगायची पद्धत नाही.” मुलगा रडवेला होऊन गेला. सर त्या दिवशी खुशीत होते. मला ते आवडले नव्हते. अर्थात मी तसे बोलले नाही.

आमच्या कॉलेजात सर मोठे होते. चाकणच्या चौकात त्यांची स्कूटर अडकली तर कंपनीच्या बसमधून कोणी तरी “अय, सरांना वाट द्या!” म्हणून ओरडत असे. या मोठेपणाची त्यांना किती गरज होती, हे मला एकदाच दिसले. पुण्याला एका चर्चासत्रासाठी आम्ही काही जण गेलो होतो. भव्य सभागृह, गळ्यांत ओळखपत्रे, सगळे एकमेकांना ओळखणारे. सरांना कोणी ओळखले नाही. ते शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला त्यांनी हात अर्धा वर केला, आणि माइक घेतलेला स्वयंसेवक दुसरीकडे वळलेला पाहून तोच हात केसांवरून फिरवून खाली आणला. परतताना दापोडी येईपर्यंत ते ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “देशमानेबाई, तिथला चहा लई पानचट व्हता.”

आता एका यंत्राविषयी. एका मूल्यांकन समितीच्या भेटीआधी कॉलेजने एक स्पेक्ट्रोफोटोमीटर घेतला होता. द्रावणातून प्रकाश जाऊ देऊन त्यात काय किती आहे हे सांगणारे ते यंत्र. मुले त्याला ‘स्पेक्ट्रो’ म्हणत. समिती आली, तिने यंत्र पाहिले, शेरा चांगला दिला. समिती गेल्यावर सरांनी त्यावर शिवून घेतलेले कापड घातले आणि ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. आमच्याकडे वीज केव्हाही जाई, दाब वरखाली होई. यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोण करणार, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. दरवर्षी खंडेनवमीला मात्र कपाट उघडे. यंत्राला हळदकुंकू वाहिले जाई, झेंडूची माळ घातली जाई, पेढे वाटले जात, आणि पुन्हा कुलूप. मुलांच्या जर्नलमध्ये त्या यंत्रावरचे प्रयोग असत. आकडे फळ्यावरून उतरवून घेतलेले. सगळ्यांची उत्तरे सारखी येत आणि सगळ्यांना चांगले गुण मिळत. आम्हा कोणालाच त्यात काही वावगे वाटत नव्हते. उलट, सर वस्तू जपतात असे आम्ही कौतुकाने म्हणत असू.

ऋतुजा लहानपणापासून त्या प्रयोगशाळेत येत असे. शाळा सुटली की काकाच्या स्कूटरवर बसून घरी जायचे म्हणून ती एका स्टुलावर थांबे आणि परीक्षानळ्यांचा ब्रश मागून घेई. ती सरांना ‘तात्या’ म्हणे आणि सर तिला ‘मॅडम’. तिला बारावीला उत्तम गुण मिळाले. त्या सुमारास ती मैत्रिणीबरोबर ओढ्यापलीकडचे विद्यापीठ पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली. मी तिथे सरांच्या सहीसाठी गेले होते.

“तात्या, तिकडं ही यंत्रं चार आहेत. आणि मुली स्वतः हात लावतात. फर्स्ट इयरच्या.”

“बरं मग?”

“तुम्हाला हे चालू करता येतं?”

तिने ते खोडसाळपणे विचारले नव्हते. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. सर कपाटाच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, तुमच्या भूमिपुत्राच्या जागेचं बघू आपण.”

त्यांनी मान्य केले होते, हे मला तेव्हा कळले. ज्या माणसाने गावोगाव जाऊन पोरे माळाकडून ओढ्याच्या अलीकडे वळवली, तो आपल्या पुतणीला पलीकडे पाठवायला निघाला होता. मला त्यात विसंगती दिसली, पण तिचा आनंदही झाला.

ज्ञानोबांची संमती हवी होती. रविवारी दुपारी त्यांच्या नव्या बंगल्यात बैठक ठरली. मुलीच्या बाजूने बोलायला कोणी शिकलेली बाई असावी म्हणून सरांनी मला नेले. निवड चुकली होती, हे मी त्यांना सांगायला हवे होते. संगमरवरी फरशीची मोठी खोली, सोफ्यावरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. जमिनीचा व्यवहार त्यांच्याच मध्यस्थीने झाल्यामुळे त्या जागेविषयी ठरवताना त्यांना बोलावणे भाग होते. प्रतीक कोपऱ्यात मोबाइलवर काही तरी पाहत होता. ऋतुजा आत होती.

“तात्या, पोरीच्या डोक्यात हे तुमी भरिवलं का?” ज्ञानोबांनी सुरुवात केली.

“तिच्या डोक्यात आधीच भरपूर हाय. मला भरवायला जागा न्हाई.”

अध्यक्ष मोठ्याने हसले. ज्ञानोबाही हसले, पण लगेच थांबले.

“जागा येक हाय. ती आज पोरीला दिली, तर फुडच्या साली प्रतीकला कुठं घालू?”

“माझ्या कॉलेजात घाल की.”

“आन् लोकं काय म्हनतील? पोरगं गावच्या कॉलेजात, आन् पोरगी काचंच्या बिल्डिंगीत? ती उद्या लोकाच्या घरी जानार. जमीन येळवंड्यांची गेली, तात्या. तिचं जे काय मिळायचं ते येळवंड्याला नगं मिळाया?”

“ऋतुजा कोन हाय मंग?”

“तसं न्हाई म्हनत मी.” ज्ञानोबा पुढे सरकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट लाघव होते. “तुमी परवा मारुतीच्या देवळात बोलला, मी मागं खांबाला टेकून बसलो व्हतो. काय बोलला? लहान कॉलेज चांगलं. पोर डोळ्याम्होरं ऱ्हातं. आजारी पडलं तर मास्तर घरी येतो. सारं गाव तुमचं ऐकतं, तात्या. मी सख्खा भाऊ. मी ऐकू नगं व्हय?”

सर आपल्या तर्जनीवरचा डाग अंगठ्याने चोळत होते. मला वाटते त्यांना उत्तर शोधायला थोडा वेळ हवा होता, आणि तो न मिळाल्यामुळे मनात होते तेच बाहेर पडले.

“ते लोकांच्या पोरांसाठी व्हतं,” सर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “म्हंजे, सर?”

सरांचा चेहरा उतरला. आपण काय बोललो हे त्यांना आमच्याबरोबरच ऐकू आले होते. क्षणभर मला वाटले की ते सावरून घेतील, काही तरी विनोद करतील. पण ते ताठ बसले आणि वर्गातल्या भाषेत बोलू लागले. “म्हणजे असं, अध्यक्ष, की आमच्या विभागात दोन पदं रिकामी आहेत. यंत्र आहे, ते मला चालवता येत नाही. मुलांच्या जर्नलमधले आकडे मीच देतो. या मुलीला जे शिकायचं आहे ते माझ्याकडे नाही. तिकडे आहे. इतकंच.”

“मंग इतकी वर्सं लोकांच्या पोरांना काय शिकिवलं?” ज्ञानोबांनी विचारले.

“मला येत होतं ते.”

आतल्या दारात ऋतुजा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. “तात्या, बास,” ती हळूच म्हणाली.

माझी बोलण्याची वेळ हीच असावी. मी “मुलगी हुशार आहे” असे काहीसे म्हणाले. अध्यक्षांनी “त्यात वादच न्हाई, बाई” म्हणून मला अत्यंत आदराने गप्प केले आणि निकाल दिला: “पोरगी सरांच्याच कॉलेजात. घरचा मानूस हाय, काळजी न्हाई. जागा प्रतीकला. घ्या, चहा निवतोय.”

आम्ही सर्वांनी चहा घेतला. सरांनीही घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते वाक्य गावात पसरले होते. ‘लोकांच्या पोरांसाठी.’ ते कोणी बाहेर नेले हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या वर्षी अर्ज घेतलेल्या कित्येक मुलांनी ते परत आणून दिले. एका बापाने तर मुलाचा अर्ज सरांच्याच टेबलावर ठेवला आणि “सर, आमचंबी लोकांचंच पोरगं हाय” एवढे बोलून तो निघून गेला. त्याच्या अंगणात सरांची स्कूटर अनेकदा उभी राहिलेली होती. अध्यक्षांनी सरांना बोलावून सांगितले की घरचे भांडण तुम्ही संस्थेवर आणले, यापुढे दौऱ्यावर जाऊ नका. मग सरांचे भाषण तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण मोबाइलवर पाहून वाचू लागला. हळदीचा कागद त्याला नीट जमत नसे.

ऋतुजा वर्गात येऊ लागली. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सरांनी सवयीने “मॅडम” म्हटले, आणि तिने “हजर, सर” असे उत्तर दिले. त्यानंतर मी तिच्या तोंडून ‘तात्या’ हा शब्द ऐकला नाही. ती उद्धट कधीच नव्हती. पहिल्या बाकावर बसे, सर्व उतरवून घेई, विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देई. फक्त स्वतःहून एकही प्रश्न विचारत नसे. सरांना त्याचाच सर्वांत अधिक त्रास झाला असावा. ते तिच्यासाठी नवी पुस्तके आणून वाचू लागले. शिकवताना मध्येच थांबून “काही शंका?” असे विचारीत आणि तिच्याकडे पाहणे टाळीत.

त्या पावसाळ्यात त्यांनी यंत्राचे कुलूप काढले. कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने मागचे झाकण उघडले आणि सरांना जवळ बोलावून टॉर्च दाखवला. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडून नेल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात कापडाच्या चिंध्यांचे, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचे घरटे होते. तंत्रज्ञ हसू आवरत म्हणाला, “सर, हे कधी चालूच केलं नाही का?” सर म्हणाले, “जपलं होतं.”

पुढच्या वर्षी प्रतीक बारावी झाला. जागा त्याच्यासाठी राखलेलीच होती. त्याने ती घेतली नाही. “चार वर्सं कोन बसंल त्या बाकावर?” असे म्हणून त्याने मित्राबरोबर जेसीबी घेतला आणि प्लॉट सपाट करून देण्याचा धंदा सुरू केला. तो चांगला चालतो असे ऐकते. प्रवेशाची मुदत निघून गेली आणि जागा बुडाली. सरांनी हे मला स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगितले. पोळीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी तसाच धरला होता, त्यातून आमटी टेबलावर ठिबकत होती. “ज्ञानोबा काय म्हणाला ठाऊक आहे? ‘जाऊ द्या तात्या, जागा काय कुनी खाल्ली न्हाई.’”

तरी सर विद्यापीठात गेले. ऋतुजाला दुसऱ्या वर्षाला त्या जागेवर घेता येईल का, हे विचारायला. खिडकीतल्या तरुणाने अतिशय नम्रपणे संगणकात पाहिले आणि सांगितले की सिस्टीम घेत नाही. सर तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, “बाळा, तुझी खुर्ची आहे ना, तिथं आमची बाभळ होती.” तो तरुण म्हणाला, “हो का सर? छान.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली. हे सांगताना सर हसले होते. मी त्यांना इतके वाईट हसताना कधी पाहिले नव्हते.

ऋतुजा पदवीला कॉलेजात पहिली आली. आमच्या कॉलेजात पहिले येणे म्हणजे किती, हे तिला आणि सरांना दोघांनाही माहीत होते. पुण्याला एम.एस्सी.साठी अर्ज करावा असे सरांनी तिला माझ्यासमोर सुचवले. ती म्हणाली, “सर, माझं मी बघेन. तुम्ही घरी काही बोलू नका. तुम्ही बोललात की माझं बिघडतं.” तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता. निरीक्षण नोंदवावे तशी ती बोलली. सर “बरं” म्हणाले. तिने अर्ज केला की नाही हे मला कळले नाही. महिन्याभरात अध्यक्षांनी तिला कॉलेजच्या प्रयोगशाळा सहायकाच्या हंगामी जागेवर घेतले आणि येळवंडे कुटुंबावर उपकार केल्याचे समाधान मिळवले. मुलगी घरापासून हाकेच्या अंतरावर राहणार म्हणून ज्ञानोबाही खूश झाले. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे आणि वर्गाआधी द्रावणे तयार ठेवणे हे तिचे काम. ते ती चोख करते.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभ साधाच झाला. बोलायला उभे राहिले तेव्हा “सगळ्यांचे आभार” एवढेच म्हणून खाली बसले. समोरच्या मुलांना ते संकोची वाटले असतील.

प्रवेशाच्या दिवसांत चौकात आमच्या कॉलेजचा एक फ्लेक्स लागला. डावीकडे काळा गॉगल लावलेले अध्यक्ष, उजवीकडे ज्ञानोबा, खालच्या पट्टीत संचालकांचे लहान लहान चेहरे, आणि मधोमध ऋतुजा, कॉलेजच्या ‘साडी डे’च्या जांभळ्या साडीत. वर मोठ्या अक्षरांत: ‘गावातच शिकली, गावातच यशस्वी झाली! आपल्याही मुलीचा प्रवेश आजच निश्चित करा.’ तिच्या फोटोखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून सरांचे नाव होते. तो फ्लेक्स पाहून प्रवेश वाढले, हे खरे आहे. मुलींचे विशेष. बाप मंडळी प्रवेशाच्या खिडकीशी येऊन “त्या ऋतुजावानी करा आमच्या पोरीचं” असे सांगत. ऋतुजा आतल्या खोलीत बाटल्या भरत असे, तिला ते ऐकू जात असे.

सरांना मी शेवटचे पाहिले ते त्या चौकात. संध्याकाळची वेळ होती, मी मोशीकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. आकाश भरून आले होते आणि लोकांची पांगापांग चालली होती. सरांनी स्कूटर फ्लेक्सखाली उभी केली, डिकीतून विळा काढला आणि पायदानावर उभे राहून एका बाजूच्या सुतळ्या कापल्या. मग दुसऱ्या बाजूच्या. फ्लेक्स खाली कोसळला आणि त्यांच्या डोक्यावरून गेला. क्षणभर ते त्याच्याखाली दिसेनासे झाले. कोणी त्यांना हटकले नाही. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने फळी ओढून घेता घेता फक्त हाक दिली, “सर, गोठ्यावर टाकायला व्हय?”

“व्हय,” सर म्हणाले. “लई गळतंय.”

“धरू का येक टोक?”

“नको. जमतंय.”

जमत नव्हते. कापड मोठे होते आणि वारा सुटला होता. सरांनी ते रस्त्याच्या कडेला पसरले, अध्यक्षांकडची बाजू आत दुमडली, ज्ञानोबांकडची दुमडली, आणि मग गुडघ्यांवर बसून बराच वेळ नुसते पाहत राहिले. घडी ऋतुजाच्या चेहऱ्यावरून जाऊ नये म्हणून ती कुठे घालावी, हे त्यांना ठरवता येत नव्हते. शेवटी त्यांनी फ्लेक्सची वळकटी केली, ती स्कूटरवर पुढे पायांत उभी धरली आणि पावसाच्या आत घर गाठायच्या घाईने ते निघून गेले. मी हाक मारली नाही.

सरांच्या घरी गोठा नाही. माळ गेला, त्याच वर्षी त्यांनी जनावरे विकली होती.